ईपीपीपीला बसताय? अर्जापासून निकालापर्यंतची वाट

अमेरिकेत डॉक्टरेट झाली, इंटर्नशिप झाली, नावापुढे 'डॉ.' लागलं, तरी दारावर 'सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी राज्याच्या बोर्डाचं लायसन्स लागतं, आणि लायसन्सच्या वाटेवर ईपीपीपी ही परीक्षा असते. एक्झामिनेशन फॉर प्रोफेशनल प्रॅक्टिस इन सायकॉलॉजी हे तिचं पूर्ण नाव. अमेरिकेतली राज्यं आणि कॅनडातले बरेचसे प्रांत हीच परीक्षा मानतात.

मी ती दोनदा दिली. पहिल्यांदा ४७१ गुण पडले, लागतात ५००. दुसऱ्यांदा पास झाले. अभ्यास दोन्ही वेळा मनापासून केला होता. फरक पडला तो पद्धतीने, आणि ती पद्धत मला कुणी आधी सांगितली असती तर माझे सात महिने आणि बरेच डॉलर वाचले असते. नाशिक-पुण्याकडून इकडे शिकायला आलेल्या मुली फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

१. आधी आपल्या राज्याचं बोर्ड वाचा

परीक्षा घेते एएसपीपीबी ही राज्यांच्या आणि प्रांतांच्या सायकॉलॉजी बोर्डांची संस्था, पण तुम्हाला परीक्षेला बसू द्यायचं की नाही हे राज्याचं बोर्ड ठरवतं. त्यामुळे मैत्रिणीने टेक्ससमध्ये काय केलं यावरून न्यू यॉर्कचा अर्ज भरू नका. काही राज्यं पदवी हातात आली की लगेच बसू देतात, काही पोस्ट-डॉकचे, म्हणजे डॉक्टरेटनंतर देखरेखीखाली करायच्या कामाचे, तास पूर्ण झाल्यावरच. तासांचा हिशेबही जागोजागी वेगळा असतो. कॅलिफोर्नियात पदवीआधीचे आणि नंतरचे मिळून देखरेखीखालच्या कामाचे ३००० तास लागतात. बोर्डाच्या वेबसाइटवर नियमांची पीडीएफ असते. ती कंटाळवाणी आहे, तरी छापून घ्या आणि हातात पेन घेऊन वाचा.

तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक गणित आहे. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, १२ महिन्यांचा, त्यात बेकारीचे जास्तीत जास्त ९० दिवस, आणि त्याच वर्षात पोस्ट-डॉकचे तास भरायचे. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वेळी लायसन्सचा प्रश्न निघतो. त्यामुळे तुमचं राज्य परवानगी देत असेल तर ओपीटी सुरू होण्याआधीच परीक्षा उरका. नोकरी लागल्यावर दिवसाचे आठ तास क्लायंट बघून रात्री अभ्यास करणं फार जड जातं.

भारतातल्या एम.ए.वर किंवा एम.फिल.वर थेट बसता येईल का, हा प्रश्न नेहमी येतो. बहुतेक राज्यांत 'सायकॉलॉजिस्ट' व्हायला डॉक्टरेटच लागते. व्हरमाँट, वेस्ट व्हर्जिनियासारखी मास्टर्सवाल्यांना वाव देणारी थोडी राज्यं आहेत. तिथेही परदेशी पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: ईपीपीपी पास झाल्याने भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. तिथे आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, ती वाट पूर्ण वेगळी आहे.

२. नावाचं आणि कागदांचं आधी मार्गी लावा

मराठी मुलामुलींचा पाय सगळ्यात जास्त इथे अडकतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. अमेरिकेतल्या विद्यापीठाने वडिलांचं नाव गाळून टाकलेलं. ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर. लग्न झालं असेल तर आणखी एक आडनाव. आणि परीक्षा केंद्राचा नियम असा की नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर दारातून परत पाठवतात आणि फी बुडते.

मी बोर्डाच्या अर्जात सवयीने विद्यापीठाचं नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावाशिवाय. परीक्षेच्या नऊ दिवस आधी पुष्टीचा ई-मेल आणि पासपोर्ट शेजारी ठेवून बघितले तेव्हा लक्षात आलं. दुरुस्ती झाली, पण त्या आठवड्यात अभ्यासाचं पान उलटलं नाही. तुम्ही अर्जाच्या पहिल्याच दिवशी पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, नाव लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद आणि विवाह प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा.

बाकी जमवायचे कागद:

- पासपोर्ट, आणि सही असलेलं दुसरं ओळखपत्र
- डॉक्टरेटची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट. विद्यापीठाने ती थेट बोर्डाकडे पाठवावी लागते, तुम्ही पाठवलेली चालत नाही
- इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं पत्र, संचालकांच्या सहीचं
- प्रत्येक सुपरवायझरने भरलेला तासांचा फॉर्म
- डॉक्टरेटच्या विषयांचे सिलॅबस. बोर्डाने एखाद्या विषयावर शंका काढली तर तेच कामी येतात
- भारतातल्या पदव्या मागितल्या तर मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र आणि सीलबंद ट्रान्सक्रिप्ट

शेवटच्या ओळीकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडच्या ट्रान्सक्रिप्टला काही आठवडे सहज लागतात, मध्ये परीक्षांचे दिवस आले तर महिने. घरचं कुणी गावी असेल तर अधिकारपत्र देऊन त्यांना आत्ताच कामाला लावा. सुपरवायझरच्या सह्या तर काम संपतं त्याच आठवड्यात घ्या. माझ्या एका सुपरवायझरने नोकरी बदलली आणि त्यांना शोधून सही मिळवायला दीड महिना गेला.

३. पेपर ओळखून घ्या

२२५ बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ ४ तास १५ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ६८ सेकंद. यातले १७५ प्रश्नच मोजले जातात. ५० प्रश्न पुढच्या पेपरांसाठी चाचणी म्हणून घातलेले असतात. ते कुठले हे कळत नाही. त्यामुळे अगदीच अनोळखी प्रश्न दिसला तर घाबरू नका, तो कदाचित मोजलाही जाणार नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

गुण २०० ते ८०० या मापात येतात. स्वतंत्र प्रॅक्टिससाठी ५०० लागतात, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी साधारण ७० टक्के बरोबर.

विषय आठ आहेत आणि त्यांचं वजन असं: निदान आणि मूल्यमापन १६ टक्के, नीती-कायदा-व्यवसाय १६, उपचार आणि सुपरव्हिजन १५, बोधन आणि भावना १३, वाढ आणि विकास १२, सामाजिक-सांस्कृतिक ११, जैविक पाया १०, संशोधन आणि संख्याशास्त्र ७.

ही यादी भिंतीवर लावा. आपल्याकडून आलेल्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राची धास्ती असते आणि ते त्यातच महिना घालवतात. ७ टक्के आहे ते! पहिल्या दोन विषयांनी मिळून जवळपास तिसरा हिस्सा व्यापलेला आहे.

'पार्ट २'बद्दल थोडक्यात. मूळ परीक्षा ज्ञानाची. कौशल्याचा दुसरा भाग सगळीकडे जानेवारी २०२६पासून सक्तीचा होणार होता. ऑक्टोबर २०२४मध्ये एएसपीपीबीने ती सक्ती थांबवली. तरी काही ठिकाणी दोन्ही भाग मागतात, म्हणून तुमच्या बोर्डाचं आजचं म्हणणं त्यांच्याच वेबसाइटवर बघा. सिनियर सांगतील ते त्यांच्या वर्षाचं असेल.

४. वाचन कमी, प्रश्न जास्त

पहिल्या वेळी मी काय केलं ते सांगते. सिनियरकडून जुने जाडजूड खंड विकत घेतले आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. रंगीत पेनांनी खुणा केल्या, सुंदर नोट्स काढल्या. आपण बारावीपासून असंच शिकलो आहोत: आधी सगळं वाचून काढायचं, शेवटच्या महिन्यात प्रश्नपत्रिका सोडवायच्या. चौथ्या महिन्यात मी आठव्या विषयाला आले तेव्हा पहिला विसरले होते. आणि ते खंड डीएसएमच्या, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेच्या, जुन्या आवृत्तीवरचे होते. डीएसएम-५-टीआर २०२२मध्ये आलं आहे. तुमचं साहित्य त्याच्याशी जुळतं का हे पैसे देण्याआधी बघा.

दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला. पहिल्याच रविवारी, काहीही न वाचता, पूर्ण २२५ प्रश्नांचा सराव पेपर घड्याळ लावून सोडवला. ५१ टक्के आले. वाईट वाटलं, पण आठ विषयांपैकी कुठे भोक आहे ते त्या दिवशी कळलं. मग चौदा आठवडे, आठवड्याला बारा तास: त्यातले चार वाचनाचे, आठ प्रश्न सोडवण्याचे आणि चुका तपासण्याचे.

खरी कामाला आली ती चुकांची वही. साधी दोनशे पानी वही, पानाला उभ्या तीन रेघा. पहिल्या रकान्यात प्रश्नाचा विषय दोन शब्दांत. दुसऱ्यात मी काय निवडलं आणि का. तिसऱ्यात बरोबर उत्तर का बरोबर आहे, एका वाक्यात, माझ्या शब्दांत, मराठीत. तो 'का' लिहिताना आपली खोड सापडते. तीन आठवड्यांनी मागची पानं चाळली तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त चुका माहिती नसल्यामुळे झाल्याच नव्हत्या. त्या प्रश्न घाईत वाचल्यामुळे झाल्या होत्या.

एक नमुना देते, मी स्वतः रचलेला. तरुण मुलगा, भ्रम आणि आवाज ऐकू येणं, विस्कळीत बोलणं, चार महिन्यांपासून. नशा नाही, मूडचा आजार नाही. निदान काय? वर्णन वाचता वाचताच हात स्किझोफ्रेनियाकडे जातो आणि तो पर्याय पहिला ठेवलेला असतो. पण चार महिने. एक महिन्याच्या आत असेल तर ब्रीफ सायकॉटिक डिसऑर्डर, एक ते सहा महिने स्किझोफ्रेनिफॉर्म, सहा महिने पूर्ण झाले की स्किझोफ्रेनिया. प्रश्नात काळ दिला असेल तर तो उगाच दिलेला नसतो. माझ्या वहीत हे एकच वाक्य अकरा ठिकाणी आहे: 'महिने मोज.'

संख्याशास्त्रातही सूत्रं पाठ करण्यापेक्षा एकेक उदाहरण हाताने सोडवा. बुद्ध्यंक चाचणीचं प्रमाण विचलन १५, विश्वसनीयता ०.९१. मापनाची प्रमाण त्रुटी काढायची तर एकातून ०.९१ वजा केले, ०.०९ राहिले, त्याचं वर्गमूळ ०.३, गुणिले १५, उत्तर ४.५. मग दोन्ही बाजूंना त्रुटीच्या साधारण दुप्पट धरली की १०० गुण मिळवणाऱ्याचा खरा गुण ९५ टक्के खात्रीने साधारण ९१ ते १०९च्या दरम्यान. हे एकदा कागदावर केलं की विश्वसनीयता वाढली तर त्रुटी कमी का होते, हे पाठ करावं लागत नाही.

सामाजिक-सांस्कृतिक भागात अमेरिकन संदर्भ जास्त आहेत. वांशिक ओळखीची प्रारूपं आपल्याला परकी वाटतात, ती वेगळा वेळ देऊन करा. बेरी या मानसशास्त्रज्ञाचं संस्कृतिसंक्रमणाचं प्रारूप, म्हणजे परक्या संस्कृतीत माणूस कसा रुळतो याचे चार प्रकार, मात्र आपल्याला पुस्तकाशिवाय कळतं. गणपती बसवणारं आणि थँक्सगिव्हिंगही करणारं घर म्हणजे एकात्मीकरण. बाकीचे तीन प्रकारही ओळखीच्या घरांतून आठवा, कायमचे लक्षात राहतील.

सराव पेपरांबद्दल दोन गोष्टी. खासगी क्लासेसचे पेपर बहुतेक वेळा खऱ्या परीक्षेपेक्षा अवघड असतात. तिथे ६० टक्के आले म्हणून तारीख पुढे ढकलू नका. आणि एएसपीपीबीचा स्वतःचा सराव पेपर, ज्यात त्यांनी वापरून बाजूला काढलेले प्रश्न असतात, तो शेवटच्या दोन-तीन आठवड्यांसाठी राखून ठेवा.

५. नीतिनियमांचे प्रश्न: मन बाजूला, संहिता समोर

मला सगळ्यात कठीण हाच भाग गेला, आणि तो १६ टक्के आहे. इथे आपले संस्कार आडवे येतात. आपल्याकडे संक्रांतीला आलेला क्लायंट तिळगूळ देतो आणि आपण तो घेतो. नाही म्हटलं तर त्याला लागेल. पेपरात मात्र प्रश्न असतो एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) नीतिसंहितेत काय लिहिलंय याचा.

म्हणून संहिता मुळातून वाचा, सारांशावर भागवू नका. लोक गृहीत धरतात आणि चुकतात अशा जागा तिथे बऱ्याच आहेत. पैशाऐवजी वस्तू घेऊन उपचार करणं सरसकट निषिद्ध आहे असं वाटतं, तसं नाही. उपचाराला बाध येत नसेल आणि शोषण होत नसेल तर चालतं. माजी क्लायंटशी लैंगिक संबंधांना उपचार संपल्यावर किमान दोन वर्षं पूर्ण बंदी, आणि नंतरही त्यात शोषण नाही हे दाखवण्याचा सगळा भार मानसोपचारकावर. सहकाऱ्याकडून चूक झालेली दिसली तर, प्रकरण तसं मिटण्याजोगं असेल आणि गोपनीयता मोडत नसेल तर, आधी त्याच्याशीच बोलायचं. तक्रार नंतर.

या शेवटच्या नियमावर प्रश्न येतो तेव्हा 'सर्वात आधी काय कराल' असं विचारलेलं असतं. चारही पर्याय योग्यच असतात, क्रम विचारलाय. 'सर्वात आधी', 'सर्वात योग्य', 'बहुधा' हे शब्द दिसले की थांबा, प्रश्न पुन्हा वाचा, मगच पर्यायांकडे जा. सहा-सात सेकंद जातात, पण गुण वाचतात.

टारासॉफ खटलाही नीट समजून घ्या. १९७६चा कॅलिफोर्नियाचा निकाल: क्लायंटपासून एखाद्या ठरावीक व्यक्तीला गंभीर धोका असेल तर तिच्या संरक्षणासाठी पावलं उचलण्याचं कर्तव्य. हा एका राज्याचा निकाल आहे, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. ईपीपीपीत सर्वसाधारण तत्त्व विचारतात; राज्याच्या कायद्याची परीक्षा बहुतेक ठिकाणी वेगळी असते.

६. फी भरा, तारीख घ्या

बोर्डाने मंजुरी दिली की एएसपीपीबीकडून ई-मेल येतो. परीक्षेची फी ६०० डॉलर, केंद्राची फी वेगळी, बोर्डाच्या अर्जाची आणखी वेगळी. मंजुरीला मुदत असते. ई-मेलात लिहिलेली तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. मग परीक्षा केंद्रं चालवणाऱ्या पिअर्सन व्ह्यूच्या साइटवर केंद्र आणि वेळ निवडा. जवळचं केंद्र लवकर भरतं. सकाळची वेळ मिळाली तर घ्या.

काही अपंगत्व किंवा आजार असेल तर जास्त वेळेची सोय मिळते; इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनाही काही राज्यांत मिळते. पण ती तारीख घेण्याआधी बोर्डाकडे मागायची असते, नंतर काही होत नाही. मागण्यात कमीपणा मानू नका.

७. परीक्षेच्या दिवशी

अर्धा तास आधी पोचा. फोन, घड्याळ, पाकीट सगळं लॉकरमध्ये जातं. खिसे उलटे करून दाखवावे लागतात, चष्माही काढून तपासतात. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या मोठ्या पिना यांवर विचारणा होऊ शकते, म्हणून शक्य तेवढं घरीच ठेवा. लिहायला पुसता येणारी पाटी आणि पेन देतात. आत गेल्या गेल्या मी तिच्यावर माझ्या कच्च्या जागा उतरवून काढल्या: तिन्ही सायकॉटिक आजारांचे महिने, त्रुटीचं सूत्र, बेरीचे चार शब्द. मन शांत झालं.

ठरलेली सुट्टी नसते. बाहेर जाता येतं, पण घड्याळ चालूच राहतं. तरी जा. पहिल्या वेळी मी चार तास हलले नाही आणि दीडशेव्या प्रश्नानंतर एकच ओळ तीन-तीनदा वाचत होते. दुसऱ्या वेळी ११०व्या प्रश्नाला उठले, तोंड धुतलं, लॉकरमधला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, पाच मिनिटांत परत. अडलेल्या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्या, खूण करा, पुढे चला. परत आल्यावर उत्तर बदलायचं तर ठोस कारण असेल तरच. माझ्या सराव पेपरांत नुसत्या धाकधुकीने बदललेली बहुतेक उत्तरं चुकली होती.

प्रश्न बाहेर कुणाला सांगायचे नाहीत, यावर सुरुवातीलाच संमती घेतात. मैत्रिणीने विचारलं तरी नाही. यात लायसन्स जाऊ शकतं.

८. निकालानंतर

अधिकृत निकाल बोर्डाकडे जातो. नापास झालात तर बारा महिन्यांत चार वेळा बसता येतं, दर वेळी पूर्ण फी भरून. लगेच पुढची तारीख घेऊ नका. आधी दोन आठवडे काहीच करू नका, मग विषयवार कामगिरी बघून ठरवा. आणि सुपरवायझरला सांगा. मी तीन आठवडे लपवलं. सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की त्याही पहिल्यांदा नापास झाल्या होत्या. त्यांनीच माझ्या वेळापत्रकातून दर शुक्रवारची दुपार मोकळी करून दिली. ती दुपार मिळाली नसती तर आठवड्याचे बारा तास जमले नसते.

पास झालात तर गुण एएसपीपीबीकडे राहतात आणि दुसऱ्या राज्यात अर्ज करताना तिथून पाठवता येतात. पुढे ऑनलाइन थेरपी करायची असेल तर सायपॅक्ट या, दुसऱ्या सदस्य राज्यांतल्या क्लायंटसोबतही काम करू देणाऱ्या, करारात चाळीसपेक्षा जास्त राज्यं आहेत. त्यात नोकरीचं राज्य बसतं का, हे पोस्ट-डॉक निवडतानाच बघून ठेवा.

मग राहते राज्याच्या कायद्याची परीक्षा, जिथे असेल तिथे. ती लहान असते, पण ईपीपीपी सुटल्याच्या आनंदात तिच्याकडे दुर्लक्ष होतं. तीन-चार आठवडे तरी द्या. आणि लायसन्सचा नंबर बोर्डाच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत ई-मेलच्या सहीत, लिंक्डइनवर, घरच्या ग्रुपवर बाबांनी टाकलेल्या अभिनंदनाच्या मेसेजमध्येसुद्धा 'लायसन्स्ड सायकॉलॉजिस्ट' लिहू नका, लिहू देऊ नका. माझ्या बाबांना मी तो मेसेज काढायला लावला होता. सोळा दिवसांनी नंबर आला तेव्हा त्यांनी तोच पुन्हा टाकला.